गावठी कट्टा, सोबत गोळ्या मोफत

मी एक जुना मोबाईल आहे. जुना म्हणजे फार जुना नव्हे. पण आमच्या जातीत हळूहळू पिकत जायची सोय नसते. बाजारात नवा भाऊ आला की कालचा तरणाबांड आज आपोआप म्हातारा होतो. माझ्या काचेवर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला आहे. पाठ उघडू नये म्हणून तिला रबर लावलं आहे. सकाळी भरलेली बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंत टिकते, आणि काळजी लागली तर तेवढीही टिकत नाही. मित्रांनो, गेला उन्हाळा मी काळजीतच काढला. ती काळजी तुम्हाला सांगितली तर जरा थंड होईन म्हणतो.

माझा जन्म एका मोठ्या, स्वच्छ, गारेगार कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या मुलींनी मला जोडलं, पुसलं आणि पांढऱ्या खोक्यात गादीवर निजवलं. खोक्यावर छापलं होतं की मला ऊन, ओलावा, मीठ आणि धूळ यांपासून दूर ठेवावं. मग मला सिंधुदुर्गात पाठवण्यात आलं.

तिथे नम्रता नावाच्या मुलीने मला विकत घेतलं. ती गोव्याला नोकरीला लागली, तिला नवा मोबाईल मिळाला, आणि मी तिच्या आईकडे, तुळसाकडे आलो. तुळसा कट्ट्याला राहते. कट्टा हे मालवणहून आत येताना लागणारं बाजाराचं गाव. चार दुकानं, एसटीचा थांबा, आणि थांब्यावर एसटीला नावं ठेवणारी माणसं.

तुळसाच्या अंगणात उन्हाळाभर रातांब्यांच्या साली वाळत असतात. साल रसात बुडवायची, उन्हात घालायची, परत बुडवायची, परत वाळवायची. तेव्हा कुठे सोलं, म्हणजे आमसुलं, होतात. त्याच सोलांच्या ती गोळ्या वळते, साध्या आणि जिऱ्याच्या. शिवाय कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ, उकडे तांदूळ. सगळं घरचं, गावठी. लाल बोटांनी ती मला उचलते, म्हणून माझं एक बटण कायमचं गुलाबी झालं आहे.

पूर्वी ती आठवडाबाजारात एका कोपऱ्यात बसून हे विकायची. मग तिच्या शेजारणीने समाजमाध्यमावर खातं उघडायचं काढलं. शेजारीण म्हणजे एस्पेरांसा. निवृत्त शिक्षिका, शाळेत मराठी शिकवायच्या. गावात त्यांना सगळे टीचर म्हणतात. त्यांचा धाकटा भाऊ बाबुश याचं थांब्यासमोर मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. खातं उघडायला तोच आला.

"नाव काय घालूचा?" बाबुशने विचारलं.

"तुळसा घाल," तुळसा म्हणाली.

"वयनी, तुळसा गल्लोगल्ली आसत. काय तरी येगळा होया."

टीचरनी चष्मा काढून पदराला पुसला. शब्दावर विचार करायचा असला की त्या आधी चष्मा पुसतात. "गो तुळसा, तू इकतंस काय? गावठी वस्तू. रवतंस खंय? कट्ट्याक. मगे 'गावठी कट्टा'. सोपा, सुटसुटीत, आणि शुद्धलेखनाची चूक करूक जागाच नाय."

"बरा वाटता गो," तुळसा म्हणाली.

खाली जाहिरातही टीचरनीच लिहून दिली: 'गावठी कट्टा आता घरपोच! सोबत गोळ्या मोफत.'

मित्रांनो, त्या अंगणात कुणीही दचकलं नाही. कट्ट्याला राहणारा माणूस कट्टा या शब्दाला घाबरायला लागला, तर त्याने एसटीचं तिकीट कसं काढावं?

ते दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे. मी टुंग वाजलो की तुळसा हात पुसत धावत यायची. पुण्याची गिऱ्हाइकं, नाशिकची गिऱ्हाइकं, तारकर्लीच्या लॉजवाल्या बाईंनी खोल्याखोल्यांत ठेवायला मागवलेल्या गोळ्या. "ह्यो मोबाईल नाय, माझो झील तो," ती लोकांना सांगायची. झील म्हणजे मुलगा. मी लाजून थोडा गरम व्हायचो. बाजारातला कोपरा तिने सोडला आणि आनंदी नावाच्या बाईला दिला. आता आनंदी तिथे सुक्या माशांची टोपली घेऊन अशी बसली आहे की तिला उठवायला भूकंपच लागेल. तुळसाला परत फिरायची वाट राहिली नाही. तिचं सगळं गिऱ्हाईक, त्यांचे पत्ते, कुणाला जिऱ्याच्या आणि कुणाला साध्या, हे सगळं त्या एका खात्यात होतं.

आणि ऐन हंगामात, घर सोलांनी भरलेलं असताना, माझ्या काचेवर एक सूचना उमटली.

'आपल्या खात्याने शस्त्रांच्या खरेदी-विक्रीविषयक नियमांचे उल्लंघन केले आहे. असे वारंवार घडल्यास आपले खाते कायमचे बंद करण्यात येईल.'

तुळसाने ती एकदा वाचली. मग टीचरकडून वाचून घेतली. टीचरनी ती शाळेत धडा वाचतात तशी स्पष्ट वाचली आणि म्हणाल्या, "'उल्लंघन' बरोबर लिवलाहा."

"शस्त्रां?" तुळसा म्हणाली. "माझ्याकडे खंयची शस्त्रां, टीचर?"

बाबुशने मला हातात घेऊन फोटो वरखाली केले आणि एका फोटोपाशी थांबला. त्यात तुळसा आडाळ्यावर बसून नारळ खवत होती. आडाळो म्हणजे आपली पाट लावलेली विळी.

"सापाडला!" बाबुश म्हणाला. "ह्यां बघा. आडाळो."

"मगे नारळ काय दातांनी खवू?"

"वयनी, थंय माणूस बसाक नाय, मशीन बसलाहा. मशीनाक आडाळो काय म्हायत? तेका धार दिसली, तेना शस्त्र म्हणान लिवल्यान."

हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. आडाळ्याचे फोटो काढून टाकले. मग कोयत्याचा एक होता तो काढला. नारळ सोलायचा सुळा निघाला, तो काढला. मासे साफ करतानाची कातर काढली. शेवटी एकट्या तुळसाचा एक फोटो राहिला, त्यात ती कॅमेऱ्याकडे रोखून बघत होती.

"ह्यो पण काढूया," बाबुश म्हणाला. "नजर जरा धारदार आसा."

"बाबुश, चप्पल काढीन मी."

"बघ, ता पण शस्त्रच."

दुसरी सूचना आली तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. खात्यात आता बरण्या आणि सोलांचे ढीग एवढंच उरलं होतं. तरीही शस्त्रच. तुळसा माझ्याजवळ हळू बोलायला लागली. "तो आयकता," ती टीचरना खुणेने सांगायची. मला उलटं ठेवायची, मग राहवलं नाही की सुलटं करायची. भाकरी करता करता बघायची, देवाला दिवा लावता लावता बघायची. तिच्या प्रत्येक बघण्याने माझी बॅटरी उतरायची आणि तिचं तोंडही.

अशा वेळी बाबुशने सूत्रं हाती घेतली. त्याची स्वतःची खाती इतक्या वेळा बंद पडली आहेत, की या विषयात त्याला अनुभवी म्हणावंच लागतं.

"खाता मरूचा नसात तर ता हालता ठेवूचा," तो म्हणाला, आणि तीच जाहिरात त्याने दिसेल त्या गटात चिकटवली. हरवले-सापडलेच्या गटात. वधू-वरांच्या गटात. एका गृहस्थांच्या निधनाची बातमी होती, तिच्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' यांच्या रांगेत 'सोबत गोळ्या मोफत' हेही जाऊन बसलं. लोकांनी चिडून कंपनीकडे तक्रारी केल्या. कंपनीने खात्याला कुठल्याही गटात काही लिहायची बंदी घातली.

"मगे दुसरा खाता उघडूया," बाबुश म्हणाला. "नाव तांच, मोबाईल तोच. पयला गेला तर दुसरा आसा."

दुसरं खातं सकाळी जन्मलं आणि सोलं उलटायच्या वेळेला वारलं. का, ते बाबुशने नंतर कुठेतरी वाचलं. खात्याबरोबर कंपनी मोबाईलही ओळखून ठेवते म्हणे. म्हणजे मित्रांनो, माझंच नाव तिथे लागलं होतं. कुणी दार उघडेना असा मी झालो होतो.

"ह्येचोच पायगुण वायट," बाबुश माझ्याकडे बघून म्हणाला. "वयनी, ह्येका माझ्याकडे दी. क्यामेरो बरो आसा, स्पीकर बरो आसा. पार्ट काढून घेतंय."

तो हे बोलला तेव्हा त्याच्या खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर डोकावत होता. पूर्वी झील म्हणणारी बाई गप्प राहिली, याने मला किती कापरं भरलं ते सांगता येत नाही. लोकांना वाटलं मी व्हायब्रेटवर आहे.

पहिल्या खात्याला शेवटची ताकीद आली होती. आता आणखी एक चूक, की खातं कायमचं बंद. आणि नेमकं तेव्हा खात्यात एक नवं गिऱ्हाईक आलं. नाव प्रीतम. तुळसाचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळला. परगावच्या माणसाशी ती पुस्तकी मराठीत लिहिते, तशी लिहू लागली.

'गावठी कट्टा मिळेल का?'

'मिळेल. सगळं घरी केलेलं.'

'घरी? गोळ्यापण?'

'गोळ्या मोफत. साध्या पाहिजेत की जिऱ्याच्या?'

'जिऱ्याच्या म्हणजे?'

'त्या जास्त चालतात. जेवणानंतर एक पोटात गेली की माणूस एकदम शांत होतो.'

'पोलिसांचा काही त्रास?'

'छे छे. इथले पोलीसपण आमच्याकडूनच नेतात.'

'उद्या सकाळी कणकवली एसटी स्टँडवर माल घेऊन या. एकट्याच या.'

'एकटी येत नाही. बरोबर टीचर असतात.'

हे शेवटचं वाक्य गेलं आणि माझी काच पांढरी झाली. 'आपले खाते बंद करण्यात आले आहे.' पुण्याची गिऱ्हाइकं, नाशिकची गिऱ्हाइकं, तारकर्लीच्या बाई, सगळी त्या पांढऱ्या रंगात बुडाली. तुळसा मला हातात धरून उभी राहिली. अंगणात साली वाळत होत्या. त्या कुणासाठी वाळतायत ते आता तिला ठाऊक नव्हतं.

"एक गिरायक रवला," ती शेवटी म्हणाली. "तेका तरी माल देऊचो. शब्द दिलोहा मी."

तर दुसऱ्या दिवशी लाल पिशवी, टीचर आणि मी असे कणकवलीला निघालो. पिशवीत बरण्यांच्या मध्ये मी होतो आणि प्रत्येक वळणावर मला एक बरणी धक्का देत होती.

स्टँडवर चौकटीचा शर्ट घातलेला एक दणकट माणूस वर्तमानपत्र वाचत उभा होता. उसाच्या रसाच्या गाड्यावर आणखी दोघे ग्लास हातात घेऊन उभे होते. पण रस पीत नव्हते.

"प्रीतम?" तुळसाने विचारलं.

"हळू बोला," तो म्हणाला. "माल?"

"आणलाय."

"दाखवा."

तुळसाने आजूबाजूला पाहिलं. "इथे नको. धूळ आहे."

ती बाकावर बसली, पदराने जागा पुसली, आणि पिशवीत हात घातला. रसवाले दोघे एक पाऊल पुढे आले. तुळसाने बरणी काढून त्या माणसासमोर धरली.

"हे काय आहे?" तो म्हणाला.

"गोळ्या. या जिऱ्याच्या."

त्याने बरणी फिरवून पाहिली. "आणि कट्टा?"

"कट्टा?" तुळसाला काही कळेना. घाबरल्यावर तिची पुस्तकी मराठी सुटली. "कट्टा थंय रवलो! तो हंय कसो आणतलंय मी? तुमीच येवा. एसटी थेट जाता."

त्या माणसाने वर्तमानपत्राची घडी घातली. "बाई, मी हवालदार गंगाराम. घाटावरून इकडे बदली होऊन आलोय. तुमची जाहिरात बघून दोन दिवस झोप नाही आम्हाला. तुम्ही पिस्तूल विकता की नाही?"

"पिस्तूल?"

"गावठी कट्टा म्हणजे काय मग? गावात बनवलेलं पिस्तूल! सगळा मुलूख तेच म्हणतो. आणि वर गोळ्या मोफत!"

टीचर बाकावर बसल्या. त्यांचा चष्मा पुसायचा राहून गेला. "पेपरात रोज वाचतंय मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "'गावठी कट्ट्यासह एकास अटक.' पण तो कट्टा येगळो. मी आपला शुद्धलेखन बघून पान उलटी."

तुळसा मात्र वेगळाच विचार करत होती. "म्हंजे माझ्या आडाळ्याचो काय एक दोष नाय?"

हवालदारांनी रसवाल्या दोघांना हात हलवून परत पाठवलं. मग एक गोळी तोंडात टाकली, तपासासाठी. थोड्या वेळाने दुसरी टाकली, खात्रीसाठी. "मशीनलाही हाच शब्द टोचला असणार," ते म्हणाले. "कंपनीला लिहा. फोटो नका काढून टाकू, शब्द समजावून सांगा. आणि माणसाने वाचावं असं लिहा."

अपिलासाठी कंपनीने एक चौकट ठेवलेली असते, आगपेटीएवढी. बाबुश तिच्यात मोठमोठ्या अक्षरांत दम देऊन आला होता, आणि मशीनने ते न वाचता परत केलं होतं. टीचरनी आयुष्यात प्रथमच विशेषण न वापरता लिहिलं: 'कट्टा हे आमच्या गावाचं नाव आहे. गावठी म्हणजे गावात केलेलं. गोळ्या आमसुलाच्या आहेत, चघळायच्या. निधनाच्या बातमीखाली जाहिरात टाकली ती चूक झाली, पुन्हा होणार नाही. दुसरं खातं उघडलं तेही आमचंच होतं.'

"पुरावा जोडा," हवालदार म्हणाले. समोर मालवणची गाडी लागली होती आणि तिच्या पाटीवर, मधोमध, 'कट्टा' लिहिलेलं होतं. तुळसाला त्या पाटीखाली उभं केलं, हातात गोळ्यांची बरणी दिली, आणि हवालदारांनी मला उचललं.

मित्रांनो, मी तोवर कधी पोलिसाच्या हातात गेलो नव्हतो. बॅटरी लाल झाली होती. काचेचा तडा बरोबर पाटीवरून जात होता. ड्रायव्हर इंजिन सुरू करून "सरा गो बाये!" म्हणून ओरडत होता. मी सगळा जीव भिंगात गोळा केला. फोटो निघाला. 'कट्टा' स्वच्छ वाचता येत होता. तो पाठवला गेला की नाही हे कळायच्या आतच मी बंद पडलो.

मग नुसतं थांबणं आलं. सोलं वाळून बरण्यांत गेली, बरण्या माळ्यावर गेल्या, माळा भरला. आकाश भरून यायला लागलं होतं. एकदा बाबुश स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. "येणार नाय ता खाता," म्हणाला. "पार्ट गंजाच्या आदी दी."

"हात लावशीत तर बघ," तुळसा म्हणाली. "सायबान फोटो काढलो तो ह्येच्यातसून. साक्षीदार आसा तो."

मी चार्जिंगला लावलेला होतो, आणि त्या क्षणी मी भरलो तसा कधीच भरलो नव्हतो.

टुंग वाजलं तेव्हा ती भात शिजवत होती. कुठल्याशा कचेरीत कुण्या माणसाने ती पाटी पाहिली असावी. खातं परत मिळालं, नाव बदलायच्या अटीवर. तुळसाने भात करपू दिला. पहिलं काम तिने हे केलं, की एकेका गिऱ्हाइकाचा नंबर त्या खात्यातून काढून माझ्या पोटात ठेवला, आणि टीचरनी त्यांच्या मोबाईलमध्येही उतरवून घेतला. "दुसऱ्याच्या घरात ठेयलेली माणसा आपली नसतत," ती म्हणाली.

नवं नाव ठेवताना टीचरनी तडक हवालदारांना फोन लावला. त्यांच्या घाटावरच्या कानाला काही खटकतं का, ते बघायला. दोन नावं नापास झाली. 'तुळसाचं अंगण' पास झालं. तेव्हापासून प्रत्येक जाहिरात आधी फोनवरून त्यांना वाचून दाखवतात आणि मगच सोडतात.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका सकाळी हवालदार गंगाराम खाकी गणवेशात तुळसाच्या अंगणात उभे राहिले. शेजारपाजारचे दारांत आले. आनंदीने बाजारात सांगितलंसुद्धा, तुळसाक पकडल्यानी म्हणून. हवालदार मात्र पडवीत टेकले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाई, अपील कसं करायचं?"

"कोणाचं?"

"माझं. परवा तुम्हाला मेसेज केला होता ना. 'गोळ्या संपल्या. आमच्या सगळ्या माणसांना हव्यात. तातडीने पाठवा.' खातं बंद केलं माझं."

टीचरनी चष्मा पुसला. "तुमच्या खात्यावर फोटो कसला आहे?"

"बंदोबस्ताचा. खांद्याला बंदूक आहे." हवालदारांनी कपाळ चोळलं. "बंदुकीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही."

मित्रांनो, मला उन्हात ठेवू नका, पाण्यात पाडू नका, भरताना खेळू नका, हे तर मी सांगेनच. खोक्यावर ते लिहिलेलंच असतं. पण खोक्यावर जे लिहिलेलं नसतं ते ऐका. माझ्यातून काही सोडण्याआधी ते एकदा मोठ्याने वाचा, आणि तुमच्या गावचा नसलेला एखादा कान शेजारी बसवा. आपल्या अंगणातला शब्द फाटकाबाहेर गेला की कोण होतो, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं.

आता मला रजा द्या. हवालदारांचा मोबाईल घरी राहिला आहे, म्हणून तुळसाने अपील लिहायला मला त्यांच्या हाती दिलं आहे. त्यांचा अंगठा मोठा आहे आणि माझी बॅटरी थोडी. 'महोदय' लिहून झालं. 'गोळ्या' लिहून झालं. आता 'तातडीने' लिहितायत, आणि मला पुन्हा कापरं भरलं आहे.